शेंदराखालचं टिंब

दिनेश अहिरे हा मोजणीच्या कामातला डोळ्याचा माणूस. बांधावर उभं राहून त्यानं एक डोळा मिटला आणि दुसरा बारीक केला, की लांबची झेंडी रेषेत आहे की बोटभर बाजूला गेलीय हे तो दुर्बिणीला हात न लावता सांगायचा. नोकरीला लागला तेव्हा साखळी ओढायला होता. लोखंडी साखळी खांद्यावर टाकून त्यानं निफाड, चांदवड, देवळा असे तालुके पायाखाली घातले. मग खात्याच्या परीक्षा दिल्या, मोजणीदार झाला, थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावायला शिकला. ऑफिसात कुणाचं काही अडलं की साहेब म्हणायचे, "अहिऱ्यांना बोलवा, ते नुसतं बघून सांगतील." या एका वाक्यावर दिनेशची सगळी ऐट उभी होती.

दोन हजार एक सालचा पावसाळा सरला आणि ऑफिसात पिवळ्या पेट्या आल्या. आत जाड फोम आणि फोमच्या खळग्यात पांढऱ्या ताटलीसारखं काहीतरी. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र. वडनेरे साहेब पुण्याला जाऊन ते शिकून आले होते आणि आता बाकीच्यांना शिकवणार होते. सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. ज्येष्ठ म्हणून पहिला मान दिनेशचा.

त्यानं तिपाई उघडली, पाय रोवले, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला. साहेब म्हणाले, "बघा रे पोरांनो, असं लावायचं." दिनेशला बरं वाटलं. मग त्यानं वर ताटली बसवली आणि वाकून तिच्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली.

"साहेब, डोळा कुठं लावायचा?"

सगळी गच्ची हसली. साहेबही हसले. "अहिरे, याला डोळाच नाही हो. याला नुसते कान आहेत. वरून उपग्रह बोलतात, हे ऐकतं. तुम्ही फक्त बरोबर जागेवर उभं करायचं आणि गप बसायचं."

दिनेश सगळ्यांबरोबर हसला. पण कान तापले होते ते खाली चहाला जाईपर्यंत निवले नाहीत.

पुढं कॉम्प्युटर आला. यंत्रानं दिवसभर ऐकलेलं त्यात उतरवायचं, मग कॉम्प्युटर हिशेब करून जागा सांगणार. दिनेशचा हात माऊसवर पडला की पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसायचा. तेव्हा त्याच्या मदतीला आली मोहिनी देवरे. देवळ्याकडची पोरगी, डिप्लोमा केलेली, कंत्राटावर लागलेली, सगळ्यांत लहान. जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे पानाच्या टपरीवर गेले की ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढायची.

"सर, एवढं घट्ट नका धरू त्याला. पळून नाय जात तो."

"शेतातला उंदीर असता तर धरला असता गं. हा लय चपळ."

ती हसायची, पण ते हसू गच्चीवरच्यासारखं टोचायचं नाही. महिनाभरात त्याला फायली उतरवता यायला लागल्या. चुकला तर मोहिनी हळूच बोट दाखवायची, कुणाच्या ध्यानात येणार नाही असं. तिचे उपकार त्याला माहीत होते. पुढं जे झालं ते म्हणूनच त्याला जास्त लागलं.

काम होतं पक्के बिंदू ठरवायचं. गावोगावचे जुने नकाशे एकमेकांना जोडायचे तर आधी डोंगरमाथ्यांवर काही बिंदू अगदी नेमके मोजावे लागतात. मग बाकीची सगळी मोजणी त्या बिंदूंवर टांगायची. खुंटीच हलली तर टांगलेलं सगळं हललं, म्हणून खुंटी दोनदा तपासायची. त्याची रीत अशी: एक यंत्र नाशिकच्या गच्चीवर आणि दोन यंत्रं दोन डोंगरांवर, तिन्ही एकाच वेळी चालू ठेवायची. दुसऱ्या दिवशी डोंगरांवरच्या माणसांची अदलाबदल. हा त्या डोंगरावर, तो या डोंगरावर. एकाच्या हाताची खोड दुसऱ्याच्या मोजणीत उघडी पडावी म्हणून.

देवळा आणि कळवणच्या मध्ये खडकुलं नावाचं गाव आहे. गावामागं उघडी बोडकी टेकडी. टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांच्या मोजणीतला एक दगड पुरलेला. त्याच्या डोक्यावर एक गोल कोरलेला आणि गोलाच्या मधोमध टिंब. ऑफिसच्या कागदांत तो दगड आहे, त्याचा नंबर आहे. खडकुल्याच्या लोकांना मात्र नंबराशी देणंघेणं नव्हतं. गोऱ्या साहेबानं एवढ्या उंचावर नेऊन पुरलाय म्हणजे खाली काहीतरी असणारच, असं धरून त्यांच्या पणज्यांनी त्याला पहिलं बोट शेंदराचं लावलं. तेव्हापासून तो माथ्यावरचा बाबा झाला. दर मंगळवारी तेल-शेंदूर. थरावर थर. दिनेश पहिल्यांदा वर पोचला तेव्हा दगड दिसतच नव्हता. नारळाएवढा गुळगुळीत केशरी गोळा तेवढा जमिनीतून वर आलेला. गोल नाही, टिंब नाही, काही नाही.

ड्रायव्हर पेट्या ठेवून जीपमध्ये झोपायला गेला. दिनेशनं खिशातून चाकू काढला होता. खरवडायचं, टिंब उघडं करायचं, त्याच्यावर तिपाई लावायची. साधं काम. तेवढ्यात खालून माणसं चढून आली. पुढं पांढऱ्या मिशांचा कोंडाजी आणि मागं त्याची भावजय झुंबरबाई. बाबाची दिवाबत्ती तीच करायची. हातात तांब्या, पदर कंबरेला खोचलेला.

"कुठून उना रे भाऊ?" झुंबरबाईनं विचारलं.

"नाशिकहून, आजी. सरकारी मोजणी आहे. नकाशाची."

"नाव काय शे तुन्हं?"

"अहिरे."

कोंडाजीच्या मिशा फुलल्या. "आरे वा! आपलाच निघाला. कोन्ते अहिरे?"

आता त्या भागात अहिरे मराठ्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. "कोन्ते" म्हणून जे विचारतात ते गाव विचारत नाहीत. दिनेशला ते पोरपणापासून ठाऊक. साखळी ओढत होता तेव्हा एका गावात नकाशा पसरायला तो मारुतीच्या ओट्यावर बसला होता. कुणीतरी असंच विचारलं आणि त्यानं सरळ सांगितलं. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. दोन बायांनी फक्त घागरी आणल्या आणि तो शेजारी उभा राहून नकाशा गुंडाळत असताना ओटा धुऊन काढला. पाण्याचे शिंतोडे त्याच्या पँटवर उडाले. त्या दिवसापासून तो एकच उत्तर द्यायचा, आणि तेच त्यानं आता दिलं.

"देवळ्याकडचे."

खोटं नव्हतं. आजाचं घर देवळ्याच्या पलीकडंच होतं. 

"देवळ्याचे म्हंजे मन्हा साडूना गावना!" कोंडाजी खूश. "मंग तू पाव्हणाच की. वहिनी, याला टिकला लाव."

चाकू अजून दिनेशच्या मुठीत होता. "आजी, हा शेंदूर थोडा काढावा लागेल" एवढंच बोलायचं होतं. पण शेंदूर काढायचा तर बाबाला हात लावायचा. हात लावायचा म्हटलं की गावात बातमी जाणार, चार माणसं आणखी वर येणार, आणि त्यांतलं कुणीतरी साडूपेक्षा जास्त खोलात विचारणार. दिनेशनं चाकू मिटून खिशात टाकला. बूट काढले. आणि हात जोडले.

झुंबरबाईनं त्याच्या कपाळाला बोटभर शेंदूर ओढला.

दिनेशचा बाप सोमा अहिरे नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेला. छप्पन साली तो विशीतही नव्हता. घरातले देव टोपलीत घालून त्यानं स्वतः नदीत सोडले होते आणि आई रडत दारात उभी असताना मागं वळून बघितलं नव्हतं. त्या बापाचा पोरगा सरकारी मोजणीच्या दगडापुढं अनवाणी उभा होता. तेही श्रद्धेनं नाही. श्रद्धेनं असतं तर निदान तेवढं तरी खरं असतं.

मग त्यानं आपला डोळा वापरला. केशरी गोळा चारी बाजूंनी न्याहाळला, एक डोळा मिटला, अंदाज घेतला. दगड खाली असा असणार, म्हणजे टिंब इथं. गोळ्याच्या माथ्यावर त्यानं खडूचा बारीक ठिपका दिला आणि त्यावर तिपाई लावली. ताटलीची उंचीही शेंदराच्या माथ्यापासून मोजली. एवढ्या वर्षांचा डोळा आहे, किती चुकेल? यंत्रानं बारीक आवाज केला आणि वरचं ऐकू लागलं. झुंबरबाईनं भाकरी आणि कांद्याची चटणी आणून दिली. तो जेवला. चव लागली नाही.

परतताना जीपमध्ये रुमालाला थुंकी लावून त्यानं कपाळ घासलं. शेंदूर तेलातला, जाता जाईना. घरी सोमाबाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेला. त्यानं चष्म्यावरून मुलाकडं बघितलं. कपाळाकडं बघितलं. दिनेश म्हणाला, "ऊन लागलं जरा, बाबा." सोमाबाबानं पेपरचं पान उलटलं, आणि दिनेशला वाटलं, दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मोहिनी खडकुल्याच्या माथ्यावर गेली, दिनेश पलीकडच्या डोंगरावर. तिनं काय केलं ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही.

दोन दिवसांनी आकडे कॉम्प्युटरवर चढले. वडनेरे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर आणला.

"हा काय प्रकार आहे? सगळे बिंदू जुळतात आणि खडकुलं नाही? एकाच दगडाच्या दोन जागा दाखवतंय हे. चार बोटांचा फरक, उंचीतही तेवढाच. दगड काय फिरायला जातो का?"

मागं दोघंतिघं हसले.

"सर," मोहिनी म्हणाली, "मी गेले तेव्हा दगडावर शेंदराचा मोठा थर होता. तिथल्या आजीला विचारलं. तिनं स्वतः बाबाची क्षमा मागून सगळा थर काढून दिला. म्हणाली, कधीतरी काढावाच लागतो, नदीत सोडू. टिंब स्वच्छ दिसत होतं. मी बरोबर टिंबावर लावलंय."

साहेबांनी मान वळवली. "अहिरे, तुम्ही?"

खोलीत पंखा फिरत होता. दिनेशला गच्ची आठवली, ताटलीभोवती मारलेल्या दोन फेऱ्या आठवल्या. आता जर सांगितलं की टिंब बघितलंच नाही, तर पहिला प्रश्न येणार: का? आणि त्या प्रश्नाच्या पोटात "कोन्ते अहिरे" बसलेलं.

"मीही टिंबावरच लावलं, साहेब."

"थर काढून?"

"हो. मागून गावानं परत थापला असेल."

मोहिनीनं त्याच्याकडं बघितलं. थर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, जुना, अख्खा. ती बघत राहिली, दिनेश पंख्याकडं बघत राहिला.

"मग उघडच आहे," साहेब म्हणाले. "देवरे मॅडम, तुमच्या तिपाईला धक्का लागला असणार. होतं असं नवीन माणसाचं. अहिऱ्यांनी अशा कामात केस पांढरे केलेत." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "पण डोंगरावरचं काम आता तुमच्याकडं नको. तुम्ही कॉम्प्युटरच बघा. कंत्राट वाढवायच्या वेळी वरचे मला हेच विचारतील, फील्ड जमतं का म्हणून. आणि अहिरे, तुम्ही उद्या परत जा. तिसऱ्यांदा लावा. ज्याच्याशी जुळेल ते ठेवू, दुसरं रद्द."

कुणीतरी पुटपुटलं, "पोरीबाळींना कशाला चढवता डोंगर." मोहिनीनं फाईल मिटली आणि आपल्या टेबलाकडं गेली. तिची मान खाली नव्हती. उलट ताठ होती, आणि ते बघणं दिनेशला जास्त जड गेलं.

जीप सकाळी निघाली तेव्हा ड्रायव्हर गाणी लावून बडबडत होता, आणि दिनेशच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. खडूचा ठिपका कुठं होता ते त्याला पक्कं आठवत होतं. गोळ्याच्या माथ्यावर, म्हणजे खऱ्या टिंबाच्या पूर्वेला चार बोटं. लोक पूर्वेकडून येतात, समोरून शेंदूर लावतात, म्हणून थर त्या बाजूनं फुगलेला. तेच त्याच्या डोळ्यानं ओळखलं नव्हतं. आता दगड उघडा असणार. त्यानं तिपाई त्याच चुकीच्या जागी लावली, ताटलीची उंची तेवढीच कमी धरली, तर तिसरी मोजणी पहिलीशी जुळेल. दिनेश अहिरे बरोबर ठरेल. मोहिनी देवरे चूक ठरेल. आणि आजूबाजूच्या गावांचे नकाशे त्या चुकीच्या खुंटीवर टांगले जातील, कुणाला कधी कळायचं नाही. हाताला एवढं सोपं होतं की त्याचीच त्याला भीती वाटली. त्याहून जास्त भीती याची वाटली की चढ चढताना त्यानं आधीच मनात चार बोटं मोजून ठेवली होती.

वर झुंबरबाई बसलेली. एकटीच. दगडावर शेंदराचा नवा पातळ हात फिरवलेला, ओला, त्याखाली गोलाची कड अंधुक दिसत होती.

"ये," ती म्हणाली. पाव्हणा म्हणाली नाही. तांब्या तिच्या शेजारी होता, तिनं पुढं केला नाही.

दिनेश पेटी उघडू लागला.

"कोंडाजीनं साडूला इचारलं," झुंबरबाई दगडाकडं बघत म्हणाली. "मोजणीतला अहिरे कोन म्हनून. त्यो म्हने, आमच्यात मोजणीत कोनीच नाय. येक हाय म्हने नाशिकरोडला, सोमाचा पोरगा, पण त्यो आमच्यातला नाय." मग तिनं त्याच्याकडं बघितलं. "तू सोमाचा का?"

दिनेशच्या हातात तिपाईचा पाय होता. तो त्यानं जमिनीला टेकवला.

"हो आजी. आम्ही बौद्ध आहोत."

खालून कुठूनतरी हॉर्न ऐकू आला, पांदीतून कांद्याचा ट्रॅक्टर चढत होता.

"मंग त्या दिशी हात का जोडलास?"

याची त्याला तयारी नव्हती. तो शिवीची, निदान उठून जाण्याची वाट बघत होता.

"तुमी देव मानीत नाय, ते ठाव हाय मला. नाय मानीत तर नाय मानीत. पन मी तुला टिकला लावला त्यो बाबाचा म्हनून लावला. तू लावून घेतलास. खोटा लावून घेतलास." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या बाबाशी खोटं बोललास, नि मला त्यात घातलंस."

दिनेशला सांगायचं होतं, ओट्याचं, घागरींचं, पँटवर उडालेल्या पाण्याचं. सांगितलं असतं तर खरंच होतं ते. पण ते सांगून समोरच्या म्हातारीला गप्प करायचं त्याच्या जिवावर आलं. ओटा धुणारी ती नव्हती. निदान त्या दिवशी तरी नव्हती.

"भ्यालो, आजी," तो म्हणाला. "कुणी विचारू नये म्हणून."

"हं."

"मी खरं सांगितलं असतं, तर शेंदूर काढू दिला असतास?"

झुंबरबाईनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. लगेच हो म्हणाली असती तर त्यानं विश्वास ठेवला नसता, नाही म्हणाली असती तर कदाचित त्याला बरंही वाटलं असतं.

"देवऱ्याच्या पोरीला दिला. तिला मी आत्या लागते, लांबची का व्हईना. तुला दिला असता का नाय, ते मला सांगता यायचं नाय. खोटं कशाला बोलू? एकानं बोललं तेवढं पुरे."

दिनेशनं खिशातून चाकू काढला. नव्या थराला हात घालणार तेवढ्यात ती उठली.

"थांब. मी काढते."

ती दगडापुढं बसली, काहीतरी पुटपुटली आणि पदराला हात न पुसता नखांनी तो पातळ शेंदूर ओढून काढू लागली. बाबाला परक्या माणसाचा चाकू लागू नये म्हणून ती म्हणाली, की त्याचा हात लागू नये म्हणून, हे दिनेशला कळलं नाही. विचारायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, आणि विचारायचा हक्क आपण त्या दिवशी हात जोडले तिथंच घालवला असं त्याला वाटत राहिलं. केशरी बोटांखालून गोल वर आला. मग मध्ये टिंब, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यानं जिथं ठिपका दिला होता तिथून चांगलं चार बोटं पश्चिमेला.

तो वाकला. खालची जागा बघायला तिपाईच्या पोटात असलेल्या छोट्या दुर्बिणीला त्यानं डोळा लावला, आणि टिंब भिंगातल्या बारीक काट्याखाली आणलं. चार बोटं बाजूला नाही. बरोबर काट्याखाली. बुडबुडा परत मधोमध आणला, परत टिंब बघितलं. उंची दगडाच्या उघड्या माथ्यापासून मोजली. ती मोजताना झुंबरबाईनं टेपचं दुसरं टोक धरलं, न सांगता.

यंत्रानं ऐकायला सुरुवात केली. दोघं दोन बाजूंना बसून राहिली. भाकरी नव्हती. निघताना त्यानं "येतो आजी" म्हटलं, तिनं मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ लावायच्या भानगडीत तो पडला नाही.

ऑफिसात आकडे चढले तेव्हा त्याला पडद्याकडं बघायचीही गरज नव्हती. तिसरी मोजणी दुसरीशी चिकटून बसली. वडनेरे साहेब खुर्चीत मागं रेलले.

"म्हणजे अहिरे, तुमचीच पहिली गंडली! असू द्या हो. वारं असेल त्या दिवशी, तिपाई हलली असेल. देवरे मॅडम, तुमचं बरोबर होतं, अभिनंदन. पुढच्या आठवड्यापासून परत डोंगर."

किती सहज दार उघडून दिलं साहेबांनी. मोहिनी सुटली होती. वाऱ्यावर ढकललं की संपलं, कुणाचंच काही बिघडत नव्हतं. दिनेशनं मोहिनीकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती, पण हात थांबले होते.

"वारं नव्हतं, साहेब. तिपाई हलली नाही. मी टिंब बघितलंच नव्हतं. शेंदरावर अंदाजानं लावलं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवायचं ते त्यांना समजेना. "का पण? देवाला भ्यालात की काय? तुम्ही लोक तर..." आणि तिथं ते थांबले.

"देवाला नाही. गावानं आडनाव विचारलं होतं, कोणते अहिरे म्हणून. मी नीट सांगितलं नाही. मग दगडाला हात लावायची छाती झाली नाही."

साहेब टेबलावरचा पेन उचलून परत ठेवत राहिले. "असं... असं काही असेल तर आधी सांगत चला, अहिरे. आपण दुसरा माणूस पाठवला असता." चांगल्या मनानंच म्हणाले ते. दिनेशला ते ओट्यावरच्या पाण्यासारखं लागलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं. दुसरं कुणी नाही, तो स्वतःच चार दिवस दुसरा माणूस झाला होता.

साहेब उठून गेले. मोहिनी अजून खुर्चीत होती.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "थर अख्खा होता. वर खडूचा ठिपकापण होता तुमचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल, असं वाटत होतं. त्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशीपण वाटलं." तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. "माझी आई म्हणाली, राहू दे, मोठा माणूस आहे. मी आईशी भांडले तुमच्यासाठी. म्हटलं, अहिरे सर तसे नाहीत."

त्यानं "चुकलं माझं" म्हटलं, आणि त्याच्याच कानाला ते शब्द फार हलके वाटले, दुसऱ्याच्या खिशातले चिल्लर पैसे मोजल्यासारखे.

"हं," मोहिनी म्हणाली. "पहिली मोजणी रद्द दाखवायची. कारण टाकावं लागतं. काय टाकू? साहेब म्हणाले तसं, वारं?"

"टिंब न बघता लावलं, असं टाक."

तिनं ते टाइप केलं. एक अक्षर चुकलं, पुसलं, परत टाकलं.

"कुणी लावलं, तेही टाक," दिनेश म्हणाला.

तिनं त्याचं नाव टाकलं आणि एंटर दाबलं. त्याला वाटलं होतं, आता छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. त्याचं नाव पडद्यावर चुकीच्या मोजणीशेजारी पांढऱ्यावर काळं बसलं होतं, बरोबर जागेवर, आणि पुढचा डोंगर कुठला ते बघायला मोहिनी आता दुसरी फाईल उघडत होती. दिनेश खुर्ची ओढून बसला नाही. तिनं बस म्हटलं नव्हतं. तो तसाच तिच्या मागं उभा राहिला, ती काय करते ते बघत, शिकत.